छातीत वाजलं पाहिजे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१३ जुलै २०२५

प्रिय विजू,

तुझं पत्र मिळालं. वारणानगरात बसून तू अजून तोच हट्ट धरून आहेस, की हेवी मेटलचा जन्म बर्मिंगहॅमला झाला. कारखान्यात पत्र्याच्या मशीनखाली तिथल्या एका गिटारवाल्या पोराच्या बोटांची टोकं गेली, बोटं दुखू नयेत म्हणून त्यानं गिटारच्या तारा सैल केल्या, सूर खाली उतरला आणि झालं तुझं हेवी मेटल! अरे, तारा सैल व्हायच्या आधी कुणीतरी स्पीकर फाडला होता की नाही? त्याच्याही आधी अमेरिकेत कापसाच्या रानातली काळी माणसं ब्लूज गात होती की नाही? इंग्रज पोरांनी ते ब्लूज उचललं, अ‍ॅम्प्लिफायरवर अ‍ॅम्प्लिफायर चढवले आणि शेजाऱ्यांच्या झोपा उडवल्या. बर्मिंगहॅम त्याच्या नंतरचं. पन्नास वर्षं समजावतोय, पण तू ऐकशील तर शपथ.

तुझ्या मामानं मुंबईच्या गोदीतून आणलेली ती एकच रेकॉर्ड आपण झिजेपर्यंत ऐकली. तुझ्या गिटारला तसा घरघरता आवाज यावा म्हणून मी तालमीच्या स्पीकरच्या कागदाला दाढीच्या पात्यानं चिरा मारल्या, आणि वस्ताद पायताण घेऊन माझ्या मागे खासबागेपर्यंत धावले. ग्रुपचं नाव आपण ‘भट्टी’ ठेवलं, तर पहिल्या कार्यक्रमाला निम्मी गर्दी भलत्याच आशेनं आली होती. तू गिटार छेडायचास, मी तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसून ड्रम बडवायचो. कुणी म्हणालं की आवाज फार होतोय, तर मी म्हणायचो, कानात नाही, छातीत वाजलं पाहिजे. माज होता रे.

आता खरं कारण लिहितो. तुझा नातू सम्राट.

दर रविवारी शिरोलीच्या डॉल्बीच्या शेडमधून तो आमच्याकडे जेवायला येतो, हे तुला ठाऊक आहेच. भैरवीची थालीपीठं त्याला आवडतात. गेल्या रविवारी तिनं त्याला काहीतरी विचारलं. तो हसला. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा हसला. सुनेचा चेहरा बघून मला कळलं की प्रश्न हसण्याचा नव्हता. नंतर तिनं माझ्या पाटीवर लिहिलं, ‘मी विचारत होते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं.’

विजू, ते हसू मी ओळखतो. दोन्ही कान पूर्ण जाईपर्यंत मी कित्येक वर्षं तेच हसलोय. ऐकू आलं नाही हे कळू द्यायचं नसलं की माणूस असा हसतो. माझे कान गेले म्हणून आपला फोन बंद झाला आणि म्हातारपणी पोस्टाची पेटी शोधत फिरायची वेळ आली. घरात माझ्याशी सगळे पाटीवर बोलतात. चोवीस वर्षांच्या पोराच्या हातात ही पाटी यायला नको.

गणपती आता जवळ आलेत. दिवसभर शेडमध्ये डॉल्बीच्या बॉक्सांच्या भिंती लावून बघायचं काम सुरू होईल. त्याआधी त्याला कानाच्या डॉक्टरकडे ने. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तुझा,
अंबादास


वारणानगर
२४ जुलै २०२५

अंबादासा,

तू आयटीआयमधनं रिटायर झालास, पण मास्तरकी काही सुटली नाही. जगातली सगळी पोरं तुला नापास दिसतात.

पत्र वाचलं आणि लगेच सम्राटला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. पीकपाणी, कारखान्यातली भरती, आजीचं गुडघ्याचं दुखणं, सगळ्यावर नीट बोलला. शेवटी तुझं सांगितलं तर म्हणाला, “आबा, मास्तर आजोबांस्नी आता सगळीच बहिरी दिसाय लागल्यात. माजं कान ठणठणीत हायत की!” आता सांग, बहिरा माणूस फोनवर असा बोलेल का? भैरवीनं विचारलं तेव्हा तोंडात थालीपीठ असेल, म्हणून हसला असेल.

लेका, तू त्याची भीती बाळगतोस आणि मला त्याचा अभिमान वाटतो. आपण तालमीचा एक स्पीकर फाडला तर गावभर बोंब झाली. हा पोरगा गुंडूला जोडीला घेऊन स्वतःच्या हातानं बॉक्स बांधतो, वायरिंग करतो, आणि या वर्षी मंडळांची त्याच्या दारात रांग लागली आहे. शेडच्या दारावर त्यानं काय रंगवलंय माहीत आहे का? ‘छातीत वाजलं पाहिजे.’ खाली छोट्या अक्षरात, ‘मास्तर आजोबा’. तुझी मूर्ती बसवायची तेवढी राहिली आहे.

बर्मिंगहॅमचा मुद्दा मी सोडलेला नाही.

एक खरं सांग. तुला आता अगदीच काही कळत नाही का? आपलं काहीच नाही? मी अजून कधी कधी माडीवर जाऊन गिटार काढतो. तारांना गंज आलाय, बोटांनाही आलाय. वाजवताना वाटतं, हे ऐकणारा एकच माणूस होता आणि त्याला आता ऐकू येत नाही.

तुझा,
विजू


मंगळवार पेठ
३ ऑगस्ट २०२५

प्रिय विजू,

तू विचारलंस म्हणून सांगतो.

कानाला काही कळत नाही. पण परवा दुपारी आमच्या गल्लीतल्या मंडळानं सम्राटची भिंत चौकात लावून बघितली. मी दारातल्या लोखंडी खांबाला हात टेकून उभा होतो. आधी खांब थरथरला, मग उंबरा, आणि मग छातीच्या आत ते जुनं धडधडायला लागलं. गाणं कुठलं होतं देव जाणे. पण खालचा तो जड सूर आपला होता. तुझ्या सैल तारांचा. इतक्या वर्षांनी भेटला आणि मला दारातच रडू आलं. भैरवी धावत आली, तिला वाटलं छातीत दुखतंय.

हे एवढं सुखाचं. आता पुढचं नीट वाच.

मी रडत होतो तेव्हा सम्राट भिंतीच्या पुढ्यात होता. बाकीची पोरं कानात बोटं घालून लांब उभी होती. हा बॉक्सला डोकं टेकून ऐकत होता. तसं कुणाला ऐकावं लागतं, विजू? मी त्याला घरात बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, ‘कानात शिट्टी वाजते का?’ त्यानं वाचलं. बाहीनं पाटी पुसली. ‘नाही’ लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यानं नुसतीच पुसली आणि पाया पडून निघून गेला.

ती शिट्टी माझ्या कानात आपल्या पहिल्या गणपतीच्या कार्यक्रमानंतर सुरू झाली. तुला वाटतं मला काही ऐकू येत नाही. ती येते. जेवताना, पूजा करताना, आत्ता हे लिहिताना. लोक म्हणतात, बहिऱ्याला निदान शांतता तरी मिळते. मला ती मिळालेली नाही.

त्याला डॉक्टरकडे ने. हात जोडतो.

अंबादास


वारणानगर
१२ ऑगस्ट २०२५

अंबादासा,

तुझं पत्र मी आमच्या हिला, बयाबाईला, मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या खांबापाशी आलो आणि पुढं वाचता येईना. मग तिनंच वाचलं. एवढ्या वर्षांत तुला रडताना मी बघितलेलं नाही, तुझी नोकरी लागायची लांबली तेव्हा नाही, वहिनी गेल्या तेव्हाही नाही. आणि रडलास तर आपल्या सुरासाठी!

कानाचं गणपती झाल्यावर बघू. सणाच्या तोंडावर डॉल्बीवाल्या पोराला कानाच्या दवाखान्यात नेलं आणि मंडळांच्या कानावर गेलं, तर त्याची सगळी बोलणी मोडतील. विसर्जन झालं की मी स्वतः त्याला धरून नेतो. शब्द दिला.

तुझ्या खांबाची गोष्ट मी सम्राटला फोनवर सांगितली. मग म्हणाला, “आबा, मास्तर आजोबांचा मान ऱ्हायलाय आपल्याकडनं.” बाकीचं मी सांगत नाही. फक्त विसर्जनाच्या दिवशी सकाळी चांगला सदरा घालून दारात उभा राहा, आणि भैरवीला आरतीचं ताट तयार ठेवायला सांग.

तुझा,
विजू


मंगळवार पेठ
३० ऑगस्ट २०२५

विजू,

तुझं बारा तारखेचं पत्र आज हातात पडलं. पुराच्या पाण्यानं रस्ता बंद होता, टपाल अडकून पडलं होतं. गणपती बसलेसुद्धा.

मला मान नको. माझ्या दारात भिंत थांबवू नका. मला ते छातीत ऐकायचं आहे असं मी कधी लिहिलं? मी सम्राटच्या कानांबद्दल लिहिलं होतं. पत्राचा निम्मा भाग तू वाचलास आणि निम्मा बाजूला ठेवलास.

भैरवीला आत्ताच तुला फोन करायला लावला. ती बोलली. मी समोर बसून तिचा चेहरा बघत होतो. ती आधी काळजीनं बोलत होती, मग हसली. फोन ठेवून तिनं पाटीवर लिहिलं, ‘काका म्हणतात, अंबूला सांग, उगाच लाजू नको.’ मी तिला पुन्हा लावायला सांगितला तर तिनं लिहिलं, ‘बाबा, किती प्रेमानं करतायत सगळे.’

आता मी कुणाला सांगू? सम्राट दोन रविवार जेवायला आला नाही.

अंबादास


मंगळवार पेठ
१० सप्टेंबर २०२५

विजू,

झालं ते तुला मोबाईलवर दिसलंच असेल. ‘रॉक आजोबांना मानवंदना’ या नावानं तो व्हिडिओ फिरतोय म्हणे. भैरवीनं मला दाखवला. त्यात जे दिसत नाही ते लिहितो.

सकाळीच मंडळाची मिरवणूक निघाली आणि आमच्या दारात थांबली. ट्रॅक्टर वळवून पोरांनी भिंत माझ्याकडे तोंड करून उभी केली. भैरवीनं आरती केली. अध्यक्षांनी मला फेटा बांधला. सम्राट भिंतीच्या पायथ्याशी, मिक्सर घेऊन, मोठ्या बॉक्सला पाठ लावून उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं छातीवर हात ठेवला. मग सुरू केलं.

आधीचा खांबाचा अनुभव त्यापुढे काहीच नव्हता. माझ्या खिडक्यांची तावदानं हलताना मला दिसली. खांबाला हात लावायची गरजच पडली नाही. आणि मला आनंद झाला नाही, विजू. मला फक्त ते पोर दिसत होतं, डोकं बॉक्सला लावून हसणारं.

मी ओरडलो, “बंद कर!” माझा आवाज किती मोठा निघाला मला माहीत नाही, मला तोही ऐकू येत नाही. त्या गोंगाटात कानवाल्यांनाही आला नाही. मी दोन्ही हात वर केले, थांब म्हणून. सम्राटनं ते बघितलं, मान हलवली आणि आवाज चढवला. पोरं नाचायला लागली. मी पुन्हा हात केले, त्यानं पुन्हा चढवला. मी पायऱ्या उतरून त्याच्याकडे जायला निघालो तर चौघांनी मला खांद्यावर उचललं. वरून गुलाल पडत होता. मी रडत होतो, हात हलवत होतो, ओरडत होतो, आणि गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बघत होत्या, की म्हाताऱ्याला किती भरून आलंय.

काल मी रिक्षा करून शिरोलीला गेलो. सम्राट शेडमध्ये वायर सोलत बसला होता. त्याच्या मागे भिंतीला पहार टेकवलेली होती. मी ती उचलून फरशीवर सोडली. गुंडू दचकून उभा राहिला. दारातलं कुत्रं पळालं. सम्राट वायर सोलत राहिला. आवाज झाला हे मलाही त्या कुत्र्यावरूनच कळलं.

गुंडूनं माझ्या पाटीवर लिहिलं, ‘कानात गुलाल गेलाय म्हणतोय. सर्दी पण आहे.’ मी माझ्या डॉक्टरांना विचारून आलो होतो. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, ‘ताबडतोब आणा, पहिले काही दिवसच औषध लागू पडतं.’ ती चिठ्ठी सम्राटच्या हातात दिली. त्यानं घडी करून खिशात घातली आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी हाताला धरून ओढलं, तर हसला.

तेच हसू.

मी बहात्तर वर्षांचा म्हातारा, त्याला उचलून तर नेऊ शकत नाही. तू ये. तू शब्द दिला आहेस. हे पत्र वाचून होताच एसटीत बस.

अंबादास


वारणानगर
२९ सप्टेंबर २०२५

अंबादास,

तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. मी लगेच निघालो नाही.

तुला राग आला असं मला वाटलं. आम्ही मान दिला आणि तू उलट तासतोयस, म्हणून मीही फुगून बसलो. सम्राटला फोन केला तर तो म्हणाला, सर्दी हाय, नवरात्राच्या तयारीत हाय. आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हटलं, मास्तर वाढवून सांगतोय.

घटस्थापनेला तो घरी आला. बयाबाईनं जेवायला हाक मारली, तो उठला नाही. मला तुझी पहार आठवली. मी माडीवरून गिटार आणली, त्याच्या पाठीमागं बसलो आणि आपली पहिली गत छेडली. लहान असताना ही ऐकली की तो झोपेतनं उठून माझ्या मांडीवर यायचा. मी पुन्हा छेडली. जोरात छेडली, तार तुटली. तो मोबाईल बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला कोल्हापुरात नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. डावा गेला. उजवा निम्म्याहून जास्त गेला आणि उरलेलाही राहील असं सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या आठवड्यात आणायचं होतं. मी म्हणालो, पत्र आलं होतं.

तिथनं तुझं घर जवळ होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि माघारी फिरलो.

एक मागणं आहे. तू हात वर करून काय सांगत होतास ते मी त्याला सांगितलेलं नाही. आवाज चढवून त्यानं तुला सुख दिलं, असं तो समजतो. त्याच्याकडे आता तेवढंच आहे. ते राहू दे.

विजू


शिरोली
२६ ऑक्टोबर २०२५

मास्तर आजोबा,

सम्राटचा नमस्कार. मी जन्मात पयल्यांदा पत्र लिवतोय, चुकलं तर हसू नका. आतापतूर तुमास्नी फोन चालत न्हवता म्हणून आबा पत्र लिवायचं. आता दोनी बाजूनं तीच गत झाली.

दिवाळीला यायचं हुतं, पण तोंड दाखवाय धाडस झालं न्हाय. तुमी सगळं वळकलं हुतं. पाटी पुसली तवाच तुमास्नी कळलं, मला बी कळलं हुतं. आबांशी फोनवर मी बोलायचो त्यो फोन स्पीकरवर असायचा. आबा काय म्हणत्यात ते गुंडू मोबाईलच्या पाठीमागं बसून खुणा करून सांगायचा, आनी मी उत्तर द्यायचो. लई हसायचो आमी त्याच्यावर. धंदा सुटंल ह्येचं भ्या हुतं. काळा पडदा लावून भिंत झाकून ठेवलीया. गुंडू म्हणतोय इकू, मी अजून काय बोललो न्हाय.

दोन गोष्टी इचारायच्या हायत, खरं सांगा. आबांस्नी इचारलं तर ते रडाय लागत्यात, म्हणून तुमास्नी.

एक. ती शिट्टी कवा थांबती? रातदिस वाजतीया. तुमची कवा थांबली? तेवडं कळलं की मी तवर कड काढीन.

दोन. त्यो इडिओ मी सारका बगतो. तुमी दोनी हात वर करून कायतरी वराडताय. मला तवा वाटलं, आनी चढव म्हणताय, म्हणून मी चढवला. बरोबर हुतं न्हवं? तुमी काय म्हणत हुता? त्या दिवशी ऐकू आलं न्हाय. त्यानंतर कवाच काय धड ऐकू आलं न्हाय बगा.

तुमचा,
सम्राट


मंगळवार पेठ
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सम्राट,

तुझं पत्र छान आहे. तुझ्या आजोबांपेक्षा अक्षर चांगलं आहे.

शिट्टीचं विचारलंस. ती थांबत नाही, बाळा. थांबेल म्हणून मी वाट बघत बसलो आणि त्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. तुझी जाऊ नयेत म्हणून खरं सांगतो. कधी कधी कामात असलं की विसर पडतो, तेवढंच. पंखा चालू ठेवून झोप, थोडी मागे सरते. उजव्या कानात जे उरलंय त्याला जप. हातात शिसपेन्सिल आणि वही ठेव, आणि ऐकू आलं नाही तर हसू नकोस. ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हण. हे म्हणायला मला वीस वर्षं लागली.

रविवारी जेवायला ये. भैरवीनं बाजारातून दुसरी पाटी आणली आहे. तुझी पाटी माझ्या शेजारी खिळ्याला टांगली आहे. जमलं तर आबांनाही आण. त्याला म्हणावं, बर्मिंगहॅमवरून भांडायला माणूस उरलेला नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. हे उत्तर मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

मी तुला शाबासकी देत होतो. चढव म्हणत होतो. तू बरोबर केलंस.

तुझा,
मास्तर आजोबा